पानं जोमदार, फुलांचा पत्ता नाही

घरच्या ऑर्किडबद्दल आलेली बहुतेक पत्रं एकाच तक्रारीची आहेत: रोप हिरवंगार आहे, मरत नाही, पण फुलतही नाही. तक्रार एक असली तरी उत्तर एक नाही. फॅलेनॉप्सिस गारव्यासाठी अडून बसतं, बागेतलं साधं डेंड्रोबियम उन्हासाठी, त्याचीच नोबिले ही जात उपासासाठी. त्यामुळे शेजारणीचा उपाय आपल्या कुंडीला लागू पडत नाही तेव्हा दोष उपायाचा नसतो, जात वेगळी असते. आपल्या रोपाचं नाव ठाऊक नसेल तर आधी ते शोधा. रुंद, मांसल पानं जमिनीलगत आणि खोड जवळजवळ नाहीच, तर ते फॅलेनॉप्सिस. उसासारख्या पेरांच्या उभ्या काठ्या असतील तर डेंड्रोबियम. पट्ट्यासारखी पानं समोरासमोर दोन रांगांत आणि लोंबती जाड मुळं असतील, तर बहुधा वांडा.

प्रश्न (डोंबिवली): दोन वर्षांपूर्वी फुलांसकट फॅलेनॉप्सिस आणलं. फुलं जवळपास तीन महिने टिकली. त्यानंतर पाच नवी पानं आली, दांडा एकही नाही. कुंडी हॉलमध्ये टीव्हीशेजारी असते, आठवड्यातून दोनदा पाणी घालते. काय चुकतंय?

उत्तर: पाच नवी पानं आली म्हणजे मुळं ठीक आहेत आणि पाण्याचं तुमचं गणित बरोबर आहे. कमी पडतात त्या दोन गोष्टी, उजेड आणि गारवा.

आधी उजेड. आपल्या डोळ्यांना हॉल लख्ख वाटतो, कारण डोळा जुळवून घेतो. पान तसं जुळवून घेत नाही. खिडकीपासून सात-आठ फुटांवर भर दुपारीसुद्धा काहीशे लक्सच उजेड असतो. फॅलेनॉप्सिसला फुलण्यासाठी दिवसाचे निदान काही तास १०,००० ते १५,००० लक्स हवेत. मोबाइलवर लक्स मोजणारं ॲप मिळतं, अंदाज यायला ते पुरेसं आहे. ॲप नको असेल तर दुपारी पानाच्या फूटभर वर हात धरा. सावली पडते पण कडा पुसट आहेत, असं दिसलं तर जागा योग्य. सावलीच पडत नसेल तर तिथे रोप जगेल, फुलणार नाही. सावलीच्या कडा रेखीव उमटल्या तर फॅलेनॉप्सिसला तो उजेड जास्त होतो. पानाचा रंगही हेच सांगतो. गडद, काळपट हिरवं पान बघायला छान वाटतं, पण ते उपाशी पान आहे. फुलणाऱ्या रोपाचं पान पोपटीकडे झुकतं.

आता गारवा, आणि मुंबई-ठाण्याच्या बहुतेक फॅलेनॉप्सिसचं घोडं इथेच अडतं. तापमान २८ अंशांच्या वर राहिलं की हे रोप पानंच काढत राहतं. दिवसा २५ आणि रात्री २०च्या आसपास असे सलग चार-पाच आठवडे मिळाले की दांड्याचा डोळा जागा होतो. डोंबिवलीच्या बंद हॉलमध्ये डिसेंबरातही पारा २७-२८च्या खाली फारसा येत नाही. बाहेर ग्रिलमध्ये मात्र रात्री १७-१८ पर्यंत उतरतो. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यावर कुंडी बाहेर काढा आणि जानेवारीअखेरपर्यंत तिथेच ठेवा. ग्रिल पूर्वेचं असेल तर उत्तम: सकाळी नऊपर्यंतचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली. रात्र गार आहे म्हणून दिवसाकडे दुर्लक्ष करू नका. दुपारभर ३० अंशांत तापणाऱ्या पश्चिमेच्या ग्रिलमध्ये रात्रीचा गारवा वाया जातो. दक्षिणेचं ग्रिल असेल तर हे लक्षात ठेवा की हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि पावसाळ्यात जिथे ऊन नव्हतं तिथे डिसेंबरात थेट ऊन येतं. तिथे ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा. दिवसाचं कमाल आणि किमान दोन्ही दाखवणारा तापमापक कुंडीशेजारी टांगलात तर सगळा अंदाज संपतो.

निघालाय तो दांडा की मूळ, हा गोंधळ सगळ्यांचा होतो. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत हिरवं किंवा तपकिरी असतं आणि ते बहुधा खाली वळतं. दांडा पानाच्या बुडाखालून, खोड आणि पान यांच्या बेचक्यातून निघतो. त्याचं टोक किंचित चपटं, पोपटाच्या चोचीसारखं एका बाजूला झुकलेलं असतं आणि त्यावर पातळ पापुद्र्याचं खवलं दिसतं. दोन दिवसांत ते वर वळलं की खात्री झाली. त्यानंतर कुंडी फिरवू नका. दांडा उजेडाकडे वाढतो, रोज दिशा बदलली तर नागमोडी होतो आणि कळ्या वेड्यावाकड्या लागतात. दांडा बोटभर झाला की कुंडी घरात घेतली तरी चालेल, मात्र खिडकीलगतच. दांडा दिसल्यापासून पहिलं फूल उमलेपर्यंत साधारण तीन महिने जातात.

एक तपासणी यंदाच्या थंडीआधी करा. बाजारातून आलेल्या रोपाच्या मुळांच्या मध्यभागी बरेचदा स्फॅग्नम मॉसचा (शेवाळाचा) घट्ट गोळा राहिलेला असतो. वरचं माध्यम, म्हणजे कुंडीतलं भरण, कोरडं दिसतं आणि आत तो गोळा आठवडाभर ओला राहतो. फुलं नसताना रोप हलकेच बाहेर काढा, गोळा बोटांनी सोडवा, पोकळ तपकिरी मुळं कापा, टणक पांढरी-हिरवी ठेवा. पारदर्शक प्लास्टिकची कुंडी असेल तर पाणी कधी द्यायचं हे तीच सांगते. आतल्या बाजूने दवाचे थेंब आहेत तोवर पाणी नको. मुळं हिरवी दिसेनाशी होऊन चांदीसारखी झाली की घाला.

प्रश्न (पुणे, कोथरूड): डेंड्रोबियमच्या जुन्या, पानं गळालेल्या काठ्या मी दरवर्षी कापून टाकतो, म्हणजे नव्यांना जोर मिळेल. चार वर्षं झाली. नव्या काठ्या येतात पण आखूड येतात. काठ्यांच्या शेंड्यावर पिल्लं (छोटी रोपं) फुटतात, फुलं येत नाहीत. कुंडी दहा इंची आहे, माती आणि कोकोपीटची.

उत्तर: कात्री आजपासून बंद. गुलाबाची छाटणी आणि डेंड्रोबियमची काठी यांत मोठा फरक आहे. पानं गळालेली काठी मेलेली नसते, ती रोपाची कोठी असते. पाणी आणि अन्न तिच्यात साठवलेलं असतं आणि नवी काठी त्यावर वाढते. उसाच्या कांडीला जसे पेरापेराशी डोळे असतात तसे तिलाही असतात. वरच्या तीन-चार पेरांवरचे डोळे फुलदांडे देतात आणि एकाच काठीवर दोन-तीन हंगाम दांडे येऊ शकतात, अगदी पान एकही नसलं तरी. काठी पिवळी पडून सुरकुतून पोकळ झाली, तरच कापायची.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘आखूड’ हा आहे. डेंड्रोबियमचं आरोग्य मोजायला दुसरं काही लागत नाही. यंदाची काठी गेल्या वर्षीच्या काठीपेक्षा उंच आणि जाड असेल तर रोप चढतंय, लवकरच फुलेल. आखूड असेल तर रोप साठवणीवर जगतंय. तुमच्याकडे साठवण कात्रीने गेली आणि मुळं कुंडीने नेली. माती आणि कोकोपीटमध्ये मुळांना हवाच मिळत नाही, ती कुजतात. काठीच्या शेंड्यावर पिल्लं येणं हेही बरेचदा त्याचंच लक्षण असतं. खाली मुळं राहिली नाहीत की रोप वर नवं घर मांडतं.

कुंडी बदलण्याची वेळ कॅलेंडरवर नव्हे, रोपावर बघा. बुडाशी नवा कोंब दोन-तीन सेंटिमीटरचा होऊन त्याच्या तळाशी मुळांची हिरवी टोकं दिसू लागली की तोच मुहूर्त. पुण्यात हे बहुधा फेब्रुवारी ते जून या काळात होतं. कुंडी चार इंची, मातीची, बाजूंना भोकं असलेली घ्या. पाच-सहा काठ्यांना ती लहान वाटेल, तरी मोठी घेऊ नका. भरायला लाकडी कोळशाचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे दोन भाग आणि विटांचे तेवढेच तुकडे एक भाग. पुण्याची हवा उन्हाळ्यात कोरडी असते म्हणून एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडेही चालतील. सोडणात मीठ असतं. तीन दिवस पाण्यात भिजवून पाणी रोज बदला, मगच वापरा. विटा-कोळसा आदल्या रात्री भिजत घाला. रोप असं बसवा की जुन्या काठ्या कुंडीच्या कडेला आणि नवा कोंब मध्याकडे येईल, कारण वाढ त्याच दिशेने पुढे सरकते. कोंबाचं बूड माध्यमाच्या वर राहिलं पाहिजे, पुरलं की कुजलं. शेवटचं आणि न टाळण्याचं काम म्हणजे काठ्या बांबूच्या काडीला सुतळीने घट्ट बांधणं. रोप वाऱ्याने हललं की मुळांची कोवळी टोकं कोळशावर घासून मोडतात आणि महिनाभराची वाढ वाया जाते.

मग ऊन. डेंड्रोबियमला फॅलेनॉप्सिसच्या दुप्पट, २५,००० ते ३५,००० लक्स लागतात, म्हणजे चार-पाच तास कोवळं ऊन किंवा गच्चीवर ५० टक्के जाळीखाली दिवसभर. सावलीतलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर पानावर पांढरा डाग पडतो आणि तो पुढे काळा होतो. आठवड्याला एक तास या हिशेबाने ऊन वाढवा. दुपारी पानाला हात लावा. ते हाताला गरम लागलं तर जाळी वाढवा किंवा वारा येईल असं करा. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ पर्यंत उतरतो. फुलबाजारात दिसतात ती संकरित डेंड्रोबियम १५च्या खाली कुरकुरतात, पानं टाकतात. त्या रात्रींपुरती कुंडी भिंतीशी किंवा घरात घ्या. पाणी उन्हाळ्यात रोज सकाळी, थंडीत आठवड्यातून दोनदा.

काठ्यांच्या शेंड्यावरची पिल्लं टाकू नका. मुळं दोन इंच झाली की पिळून सोडवा आणि छोट्या कुंडीत कोळशावर बांधा. दोन वर्षांत तीही फुलायच्या वयाची होतील.

प्रश्न (नाशिक): आमच्याकडे द्राक्षबागेसाठी विद्राव्य खतं असतातच. फुलांसाठी स्फुरद (फॉस्फरस) हवं म्हणून ऑर्किडना दर आठवड्याला शून्य बावन्न चौतीस हे स्फुरद-पालाशाचं खत देतोय, लिटरला ३ ग्रॅम. मुळांची टोकं काळी पडली, फूल नाही.

उत्तर: ताबडतोब थांबवा. तीन ग्रॅमचं द्रावण जमिनीतल्या वेलीला चालेल, कोळशावर उघड्या मुळांनी बसलेल्या ऑर्किडला नाही. टोकं काळी पडली ती मिठाने जळून. आणि स्फुरदाने फुलं येतात हा समज ऑर्किडच्या बाबतीत टिकत नाही. पुरेसं स्फुरद १९:१९:१९ या नत्र-स्फुरद-पालाश समप्रमाणात असलेल्या खतामध्येही असतं, त्यापेक्षा जास्त दिल्याने दांडा निघत नाही. दांडा उजेडाने आणि तापमानाने निघतो, खताने नवी वाढ भक्कम होते आणि फुलांची संख्या वाढते. एवढंच खताचं काम.

आधी महिनाभर फक्त स्वच्छ पाणी. दर आठवड्याला कुंडीच्या आकारमानाच्या तीन-चार पट पाणी वरून ओतून निथळू द्या. नंतर १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. यातून नत्र सुमारे ९५ पीपीएम मिळतं आणि ऑर्किडला तेवढं भरपूर आहे. खत ओल्या मुळांनाच द्यायचं. आधी साधं पाणी, अर्ध्या तासाने खताचं. महिन्यातल्या एका आठवड्यात खताऐवजी कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम द्या. दोन्ही एका बादलीत मिसळू नका, कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र आलं की पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. बोअरचं पाणी वापरत असाल तर त्यात बहुधा कॅल्शियम असतंच, मग ते वेगळं द्यायला नको. थंडीत नवी वाढ थांबलेली असेल तेव्हा खत महिन्यातून एकदाच.

पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, २००च्या आत असावा. कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढत असतील तर पाणी जड आहे. पावसाचं पाणी पिंपात साठवा, ते सगळ्यात चांगलं. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र ऑर्किडना कधीही घालू नका, त्यात मीठ मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतं. ताक, गुळाचं पाणी, तांदळाचं धुवण यांच्याबद्दलही तीन पत्रांत विचारलं आहे. मातीतल्या जिवाणूंना ते खाद्य आहे, पण कोळशाच्या कुंडीत माती नाही. तिथे त्यावर बुरशी आणि चिलटंच वाढतात.

प्रश्न (कोल्हापूर): फॅलेनॉप्सिसला दोन दांडे आले, चौदा कळ्या लागल्या. एप्रिल-मे महिन्यात एकेक पिवळी पडून गळली. हे सलग दुसऱ्या वर्षी झालं. पाणी वेळेवर आहे, कीड दिसत नाही.

उत्तर: घरात आंब्याची अढी लावता का? पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कळीला तो म्हातारपणाचा निरोप असतो. अगदी कमी प्रमाणातही कळ्या पिवळ्या पडतात, उमललेली फुलं मिटतात. पेंढ्यातली पेटी आणि कुंडी एकाच बंद खोलीत असतील तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. केळ्यांचा घडही तेच करतो. कळ्या लागल्यावर कुंडी आंब्यांपासून दूर, वारा खेळेल अशा खोलीत ठेवा. स्वयंपाकघर आणि उदबत्तीचा धूर हेही टाळा.

अढी नसेल तर आणखी तीन गोष्टी बघा. एसीचा किंवा पंख्याचा थेट झोत. कळ्या लागल्यावर कुंडीची जागा बदलणं. आणि फुलकिडे, जे सहज दिसत नाहीत. पांढऱ्या कागदावर कळी टिचकी मारून झटका. कागदावर तिळाहून बारीक, लांबट किडे सरकताना दिसले तर तेच. लिटरभर कोमट पाण्यात ३ मिली निंबोळी तेल आणि एक मिली साबणाचं पाणी घोळून संध्याकाळी पानांवर आणि दांड्यावर फवारा, उमललेल्या फुलांवर नको.

प्रश्न (सातारा): सिक्कीमहून डेंड्रोबियम नोबिले आणलं आहे. फुलांच्या जागी फक्त पिल्लं येतात.

उत्तर: तुम्ही त्याचे फार लाड करताय. नोबिले हे सिक्कीमचं राज्यफूल, हिमालयाच्या पायथ्याचं रोप. तिकडे हिवाळा कोरडा आणि गार असतो. सप्टेंबर संपला की खत पूर्ण बंद. नोव्हेंबरपासून पाणी इतकं कमी की काठ्या थोड्या सुरकुततील: दहा-बारा दिवसांतून एकदा, वाटीभर. रात्री १० ते १३ अंश असे पाच-सहा आठवडे हवेत आणि साताऱ्याच्या गच्चीवर डिसेंबर-जानेवारीत ते मिळतात. ऊन भरपूर. पानं पिवळी पडून गळतील, गळू द्या. काठीच्या पेरापेराशी गाठी फुगू लागल्या की पाण्याची घाई होते, आणि नेमकं तिथेच बिघडतं. त्या वेळी पाणी दिलं तर गाठ ठरवते की कळी व्हायचं नाही, पिल्लू व्हायचं. गाठी वाटाण्याएवढ्या होऊन त्यात कळीचा आकार दिसेपर्यंत थांबा. मुंबई-कोकणात हे रोप घेऊच नये, तिथे त्याला थंडी मिळत नाही.

प्रश्न (सावंतवाडी): पावसात पडलेल्या फणसाच्या फांदीवर सीतेची वेणी मिळाली. तीन वर्षं कुंडीत शेणखत-मातीत लावून ठेवली आहे. जिवंत आहे, एवढंच.

उत्तर: तीन वर्षं मातीत तग धरली, हा तिचा चिवटपणा. पण हे झाडाच्या सालीवर, वाऱ्यात जगणारं रोप आहे. कुंडीतून काढा, मुळांवरची माती धुऊन टाका आणि जूनच्या पहिल्या पावसात थेट झाडाला बांधा. आंबा किंवा फणस उत्तम. पेरू आणि निलगिरी नको, त्यांची साल सुटते आणि मुळांची पकडही सुटते. डोक्याच्या थोडं वर, पूर्वेच्या अंगाला, जिथे सकाळचं ऊन फांद्यांतून झिरपतं अशी जागा निवडा. सुंभाने दोन ठिकाणी घट्ट बांधा. खाली शेवाळ, सोडण काही लावू नका. एका पावसाळ्यात नवी मुळं सालीला चिकटतात, चपटी होऊन साल धरतात. सुंभ मग आपोआप कुजून जातं.

दिवाळीनंतर तिला कोरडं राहू द्या. मार्चपासून सकाळी मुळांवर पाण्याचा शिडकावा पुरे. जाड, पन्हळीसारखी पानं आणि त्यांच्या टोकाला उंदराने कुरतडल्यासारखी खाच, ही तिची खूण. खालच्या पानांच्या बेचक्यातून एप्रिल-मेमध्ये लोंबता दांडा येतो आणि पावसाच्या तोंडावर फूटभर लांब, पांढऱ्यावर जांभळट-गुलाबी ठिपक्यांची वेणी उमलते. बांधल्यावर पहिल्या वर्षी फुलांची आशा धरू नका. मुळं बसायला एक, कधी दोन वर्षं लागतात. आणि एकदा बांधली की हलवू नका.

फांदी पडली म्हणून तुम्ही ती वाचवलीत, ते योग्यच केलंत. पण जंगलातल्या उभ्या झाडावरून ऑर्किड ओरबाडून आणू नये, ही विनंती सगळ्याच वाचकांना. जंगलात ऑर्किडचं धुळीसारखं बी रुजायला विशिष्ट बुरशीची साथ लागते आणि रोप फुलायच्या वयाचं व्हायला वर्षं जातात. संपूर्ण ऑर्किड कुळ ‘साइटिस’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहे ते याचसाठी.

प्रश्न (न्यू जर्सी): इथे सगळ्या मैत्रिणींची फॅलेनॉप्सिस फुलतात, माझं नाही. घर वर्षभर २३-२४ अंशांवर ठेवतो, लहान मुलं आहेत म्हणून.

उत्तर: तुमच्याकडे मुंबईच्या उलट अडचण आहे. दिवस योग्य आहे, पण रात्र दिवसापेक्षा गार होतच नाही आणि हिवाळ्यात उजेडही कमी. सगळं घर गार करायची गरज नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत कुंडी कमी वापराच्या खोलीत, दक्षिण किंवा पूर्वेच्या खिडकीत ठेवा आणि रात्री खिडकीचा पडदा कुंडीच्या मागे, म्हणजे खोलीच्या बाजूला ओढा. काच आणि पडद्याच्या मधल्या जागेत रात्री १६-१८ अंश सहज मिळतात. पान काचेला टेकू देऊ नका. कडाक्याची थंडी सुरू झाली की पडद्याची युक्ती थांबवा. हिवाळ्यात हीटिंगच्या जाळीपासून कुंडी दूर हवी, नाहीतर आलेल्या कळ्या वाळतील. दक्षिणेची खिडकी नसेल तर एलईडी दिवा फूटभर उंचीवरून रोज बारा तास.

प्रश्न (फोंडा, गोवा): पावसाळ्यात डेंड्रोबियमचे कोंब बुडापासून काळे पडतात. माड-पोफळीसाठी बोर्डो हे बुरशीनाशक असतंच, ते मारलं तर पानंच गळाली.

उत्तर: डेंड्रोबियमला तांब्याची औषधं सोसत नाहीत. बोर्डो काय, कॉपर ऑक्सिक्लोराइड काय, दोन्ही टाळा, आणि कळ्यांवर तर कोणत्याच ऑर्किडच्या नको. पोफळीवर फवारणी असेल त्या दिवशी ऑर्किडवर प्लास्टिक टाका. काळा पडलेला कोंब निरोगी भागापर्यंत, एक सेंटिमीटर आतून कापा. कापलेल्या जागी दालचिनीची पूड दाबा, मुळांवर मात्र ती पडू देऊ नका, मुळं सुकतात. मग आठ-दहा दिवस पाण्याचा थेंबही नको. कोकण-गोव्याच्या पावसात खरा उपाय म्हणजे पारदर्शक पत्रा वर आणि कुंड्यांमध्ये वीतभर अंतर. सोडणाऐवजी फक्त कोळसा-वीट भरा. कोंब वाचले तरच पुढच्या हंगामात फुलं, कारण दांडे त्याच काठ्यांवर यायचे असतात.

प्रश्न (नागपूर): वांडाची मुळं मे महिन्यात दोऱ्यासारखी सुकतात. फुलायचं नावच नाही.

उत्तर: मुळं सुकली तर फूल कुठून येणार? मार्च ते जून सकाळी सातच्या आत मुळं बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवा. चांदीसारखं मूळ हिरवं झालं की ते पाणी प्यायलं. संध्याकाळी पुन्हा शिडकावा. एप्रिल-मेमध्ये ७५ टक्के जाळी, एरवी ५० टक्के. कूलर चालतो त्या खोलीची उजेडाची खिडकी दुपारपुरती चांगली, ओलसर हवा वांडाला मानवते, मात्र झोताच्या समोर टांगू नका. नवं रोप घ्यायचा विचार असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलं वांडा टेसेलाटा मिळतं का बघा. मध्य भारतातल्या पानझडी जंगलांत झाडांवर वाढणारी ही जात आहे, तिला तुमचा उन्हाळा ठाऊक आहे.

प्रश्न (अनेक वाचक): फुलं गळाल्यावर दांडा कापावा का?

उत्तर: डेंड्रोबियमचा वाळलेला फुलदांडाच कापा, काठी नाही. फॅलेनॉप्सिसचा दांडा वाळला असेल तर बुडापासून काढा. हिरवा असेल, रोपाला चार-पाच टणक पानं असतील आणि महिना जानेवारी-फेब्रुवारी असेल, तर तळापासून तिसऱ्या पेराच्या एक-दीड सेंटिमीटर वर कापा. दोन-अडीच महिन्यांत त्या पेरातून बगलदांडा येऊ शकतो, फुलं थोडी लहान आणि कमी असतात. मार्चनंतर किंवा रोप थकलेलं असेल तर हा मोह टाळून दांडा पूर्ण काढा, उन्हाळा-पावसाळ्यात दोन-तीन चांगली पानं होऊ देत. ब्लेड प्रत्येक रोपानंतर गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवा आणि गार झाल्यावरच पुढच्या रोपाला लावा. ऑर्किडचे विषाणू एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत जातात ते बहुधा याच ब्लेडवरून, आणि त्यांवर औषध नाही.